वखारीतली अठरा माणसं

माझी वखार मी दान केलेली नाही. हे आधीच सांगते, कारण गावात अजून लोक म्हणतात की बाईला उतारवयात पुण्य कमवायची हौस आली. मला तसली हौस नाही. मी वखार भाड्याने दिली, भाडं घासाघीस करून ठरवलं आणि ठरल्यातला एक रुपया सोडलेला नाही.

वखार शहापूर-मुरबाड रस्त्याला लागून आहे. विटांची भिंत, वर पत्रे, समोर तीन ट्रक उभे राहतील एवढं अंगण. ती मी गवतावर उभी केली. मी याच गावात वाढले, लग्नही इथेच झालं. लग्नानंतर डोक्यावर गवताचे भारे घेऊन वाशिंदपर्यंत विकायला जायचे. भाऱ्याला दोन रुपये कमी देणाऱ्याला मी भर बाजारात असं काही बोलायचे की तो दुसऱ्या दिवशी आधीच पूर्ण पैसे काढून ठेवायचा. पुढे तानशाकडच्या माळांचं गवत ठेक्याने घेतलं, कापायला बायका लावल्या, गासड्या बांधून शहरांतल्या तबेल्यांना पाठवायला लागले. मग तबेले एकेक करून उठले, जागांवर इमारती आल्या, आणि माझी वखार रिकामी पडली. दोन वर्षं तिच्यात फक्त उंदीर आणि जुना वजनकाटा होता.

अशात एक दिवस संस्थेची ताई आली. तिशीची असेल, पाठीला बॅग, पायात चिखलाने भरलेले बूट. तिने अंगणात उभं राहून सगळं सांगितलं. शहरात फुटपाथवर राहणारी माणसं आजारी पडली की मोठ्या सरकारी दवाखान्यात दाखल करून घेतात. प्लास्टर घालतात, टीबीच्या गोळ्या सुरू करतात, मग बेड रिकामा हवा म्हणून घरी जा सांगतात. घर कुठे आहे? माणूस पुन्हा फुटपाथवर. प्लास्टरमध्ये गटाराचं पाणी जातं, गोळ्या चोरीला जातात, महिन्याभरात तोच माणूस आणखी वाईट होऊन तिथेच. म्हणून शहराच्या महापालिकेने संस्थेला निधी मंजूर केला होता: जागा घ्या, स्वयंपाकी ठेवा, एक नर्स ठेवा, माणूस पुरता बरा होईपर्यंत सांभाळा. पण शहरात त्या निधीत जागा मिळेना, आणि जिथे मिळाली तिथे सोसायटीवाले उठले.

"मॅडम, ही सेवा आहे," ताई म्हणाली. "भाड्याचं जरा समजून घ्या."

"सेवा तुमी करा. पत्रे माझे हायेत."

"आमच्याकडे फार पैसे नाहीत."

"तुमच्याकडं नसतील. महापालिका गरीब हाय का?"

ती हसली. तिथेच मला कळलं की ही टिकेल. दोन तास आम्ही बोललो. मी भाडं थोडं सोडलं, पण चार संडास, दोन न्हाणीघरं आणि पाण्याची टाकी त्यांनी बांधायची आणि जाताना ती माझीच राहायची, हे लिहून घेतलं. निधी उशिरा येतो हे मला माहीत होतं, म्हणून तीन महिन्यांचं भाडं आगाऊ घेतलं. ताईने सही केली आणि म्हणाली, "तुम्ही आमच्या संस्थेत हव्या होत्या." मी म्हटलं, "तुमाला परवडायचं नाय."

माणसं आली ती दोन गाड्यांतून. अठरा. कुणाच्या हाताला पट्टी, कुणाच्या काखेत कुबडी, दोन बायका, बाकी पुरुष. गावातून चारपाच जण लगेच माझ्याकडे आले. रोग आणलास, चोर आणलेस, विहिरीवर येतील. मी अंगणातच उभी राहून आवाज चढवला. विहीर माझी, वखार माझी, आणि गेल्या वर्षी कुणाच्या घरातून कुणाची मोटर चोरीला गेली आणि ती कुणाच्या गोठ्यात सापडली तेही मी सांगू का, असं विचारलं. ते गेले.

त्या अठरांतला एक वॉचमन होता. सगळे त्याला तेच म्हणायचे, मीही तेच म्हणते. साठीच्या पुढचा, वाळलेला, पण बोलायला फार नीट. शहरात एक उंच इमारत बांधली जात होती तिची राखण त्याने सहा वर्षं केली. इमारत पूर्ण झाली, नवीन एजन्सीचे गणवेशातले वॉचमन आले, याची झोपडी पाडली. त्यानंतर तो त्याच इमारतीच्या कुंपणाबाहेर झोपायचा. त्याला साखरेचा आजार होता. डाव्या पायाला जखम झाली, ती तळव्यातून आत गेली. दवाखान्यात पाय कापायचा म्हणाले, मग दोन बोटं कापून पाय राखला. नर्सने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं: रोज ड्रेसिंग झालं, पाय कोरडा राहिला, तर हा चालेल. आठ दिवस जरी खंड पडला तर पाय जाईल.

आता लावणीचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं.

वखारीच्या मागे माझ्या शेजारच्या काकीचं भातशेत आहे. काकीचं घर गावातलं जुनं शेतकरी घर. तिचा मुलगा वाशिंदच्या कारखान्यात, सून त्या वर्षी बाळंतीण. काकीचा राब, म्हणजे लावायची रोपं, तयार होऊन वर दहा दिवस झाले होते, रोप जून व्हायला लागलं होतं, आणि लावायला हात नव्हते. आमच्याकडे लावणी सावडीवर होते. पाचसात घरं मिळून एकेकाचं शेत लावतात. आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. पैशांचा संबंध नाही, दिवसाला दिवस. पण ज्यांच्या घरी हातच नाहीत त्यांना सावडीत कोण घेणार? काकी एकटीच वाकून लावत होती.

वॉचमन वखारीच्या मागच्या पायरीवर बसून दोन दिवस हे बघत होता. तिसऱ्या दिवशी पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून तो बांधावर गेला आणि रोपाच्या मुठी बांधायला लागला. मूठ बांधायचं काम बसून होतं. काकीने वर बघितलं.

"कोन रे तू?"

"वखारीतला."

"मूठ बरी बांधतोस."

"माझ्या बापाचं पण भातच होतं, बाई. कोकणात."

"मग हितं काय करतोस?"

"तेच तर मला पण कळत नाही."

काकी हसत सुटली म्हणे. दुसऱ्या दिवशी ज्यांच्या अंगात ताकद आली होती असे आणखी सात जण गेले. नर्सने आधी आरडाओरडा केला, मग टीबीवाल्यांना आणि ताज्या जखमांना सक्त मनाई केली, वॉचमनला फक्त कोरड्या बांधावर बसायची परवानगी दिली आणि बाकीच्यांना म्हणाली, सकाळचे दोन तास, त्याच्यावर नाही. काकीचं शेत चार दिवसांत लागलं. दुपारी काकीने त्यांना भाकरी आणि सुकट घातली. माझ्या मते ते पुरेसं होतं. तिच्या मते नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी काकी वखारीच्या स्वयंपाकघरात हजर. संस्थेचा स्वयंपाकी घाबरला.

"काय पाहिजे, आजी?"

"हात धुवायला पानी दे. सावड फेडाय आली."

"म्हणजे?"

"ह्यांना शेत नाय तर मी दिवस कुठं फेडू? चुलीवर फेडते. सरक."

तिने त्या दिवशी अठरा जणांच्या भाकऱ्या थापल्या. स्वयंपाकी तोंड पाडून बाहेर बसला होता. संध्याकाळपर्यंत गावात झालं की काकीने वखारीला सावडीत घेतलं. आणि मग कमाल झाली. ज्यांनी मला रोग आणलास म्हटलं होतं, त्यांच्यातल्याच दोन घरांनी विचारलं, आमच्याकडेही दोन दिवस येतील का? बदल्यात एकाने वखारीचे गळके पत्रे बसवून दिले. एकाने मुतारीचा नळ दुरुस्त केला. माझं शेत त्याच रांगेत आहे, एक एकरही नाही, ते मी गवताच्या पैशातून घेतलेलं. तिथेही ते एक सकाळ आले. मी बदल्यात माझी गाडी तपासण्यांसाठी दिवसभर दिली. हे मी लपवत नाही. आठ जोड्या हात फुकट मिळतायत असा विचार माझ्या मनात आला नव्हता असं म्हणाले तर तुम्ही विश्वास ठेवू नका. आला होता. पण मी सावड फेडली.

मला आनंद व्हायला हवा होता. मला मात्र आई आठवत होती. आमची घरं गावाच्या खालच्या अंगाला, आजोबांच्या वेळी बुद्धाला शरण गेलेली. आई आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात लावणी लावत राहिली, पण मजुरीवर. सावडीला तिला कधी कुणी बोलावलं नाही. आमच्याही अर्ध्या एकराचा तुकडा होता, तो आईने आणि मी दोघींनीच लावला, दर वर्षी. आणि आज शहरातून आलेल्या, ज्यांचं गाव कुणाला माहीत नाही, जात कुणी विचारली नाही, अशा माणसांना चार दिवसांत सावडीत जागा मिळाली.  

तपासणीचा माणूस आला तो अशाच एका सकाळी. न कळवता. महापालिकेकडून निधी घेणाऱ्या जागांची पाहणी करणारा अधिकारी, हातात फाईल, सोबत एक फोटो काढणारा. त्या दिवशी ताई आणि नर्स चार जणांना घेऊन एक्स-रेला गेल्या होत्या. आठ शेतात. खाटांवर सहा. कागदावर अठरा.

"बाकीचे कुठे?" त्याने स्वयंपाक्याला विचारलं.

"चार एक्स-रेला. आठ शेतावर."

"कुणाच्या शेतावर?"

स्वयंपाक्याने मागे बोट दाखवलं. अधिकारी बांधावरून चालत गेला. त्या दिवशी सावड माझ्या शेताला लागून असलेल्या शेतात होती, काकीही तिथेच लावत होती. मी तेव्हा शहापूरला बाजारात होते. पुढचं मला काकीने आणि वॉचमनने वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांचं जुळलं म्हणून खरं मानते.

"ही माणसं कोण आहेत?" अधिकाऱ्याने विचारलं.

"आमचीच हायेत," काकी म्हणाली.

"आमचीच म्हणजे? कुठली?"

"घरचीच हायेत ओ. तुमचं काय काम?"

शहरातल्या वाचकाला हे मूर्खपणाचं वाटेल. आमच्याकडे जन्मलेल्याला वाटणार नाही. आमच्याकडे सरकारी गाडी थांबली आणि कुणी फाईल घेऊन विचारायला लागलं, हा कोण, ती कोण, तर एकच उत्तर असतं. जंगलखात्याचा माणूस मोळी घेऊन जाणाऱ्या बाईबद्दल विचारतो, पोलीस कुणाच्या भाच्याबद्दल विचारतो, कोणीतरी जमीन मोजायला येतो. आधी आमचीच म्हणायचं, मग काय ते बघायचं. काकीने त्यांना वाचवलं होतं, तिच्या समजुतीप्रमाणे. वॉचमनने तोंड उघडलं होतं खरं सांगायला, तर काकीने त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प बसला.

अधिकाऱ्याने फोटो काढले. शेजारचं नुकतंच लावलेलं शेत कोणाचं, ते कुणी लावलं, असं विचारलं. कोणीतरी सांगितलं, वखारवाल्या बाईचं, तेही ह्यांनीच लावलं.

आठवड्याभरात कागद आला. संस्थेने स्थानिक शेतमजूर बेघर म्हणून दाखवले आहेत असे दिसते. जागामालकाने लाभार्थ्यांचा स्वतःच्या शेतीसाठी वापर केला आहे असे दिसते. निधी थांबवण्यात येत आहे. पंधरा दिवसांत खुलासा द्यावा, अन्यथा खरे लाभार्थी असल्यास त्यांना शहरातील निवाऱ्यात हलवावे.

शहरातला तो निवारा ताईने मला सांगितला. रात्री झोपायला मिळतं. सकाळी सातला सगळ्यांना बाहेर काढून कुलूप लावतात. नर्स नाही. दिवसभर फुटपाथच. वॉचमनची जखम तेव्हा निम्मी भरली होती. दोघांच्या टीबीच्या गोळ्या मध्यावर होत्या. नर्सचा पगार निधीतून होता. ती आठ दिवस बिनपगारी आली, मग तिलाही घर चालवायचं होतं. तिने मला ड्रेसिंग कसं करायचं ते दाखवलं आणि गेली. ज्या हातांनी मी तीस वर्षं गवताच्या गासड्यांना दोऱ्या आवळल्या त्या हातांनी मी वॉचमनच्या पायाला पट्टी बांधत होते, आणि तो ओरडत होता, "बाई, गासडी नाही ही, पाय आहे."

ताई रडत होती. मी म्हटलं, "रडू बघून कचेरीत कोन पैसं सोडत नाय. चल."

आम्ही महापालिकेच्या कचेरीत गेलो. तोच अधिकारी. तो वाईट माणूस नव्हता, हे लिहायला मला जड जातं. त्याने पाणी दिलं. म्हणाला, "ताई, मी जे ऐकलं ते लिहिलं. ती बाई म्हणाली आमचीच आहेत. आता तिनेच लेखी द्यावं की ही माणसं आमची नाहीत, बाहेरून आलीत, आमचा त्यांच्याशी संबंध नाही. मी दुसऱ्या दिवशी फाईल पुढे सरकवतो."

"आणि माझ्याबद्दल लिहिलंय ते?"

"ते दिसतं असं लिहिलंय. केलं असं नाही."

"दिसतं म्हणून लिहायला तुमाला पगार मिळतो का?"

ताईने माझा हात धरून मला बाहेर काढलं. पण काम सोपं होतं, हे मलाही दिसत होतं. एक कागद, एक सही. मी येतानाच शहापूरला एका टायपिंगवाल्याकडून तो मजकूर लिहून घेतला आणि सरळ काकीच्या ओटीवर गेले. वाटेत वखारीतून वॉचमनला गाडीत घेतलं होतं, म्हणजे काकीला दया येईल. हे माझं गणित होतं.

काकीने कागद वाचायला सांगितला. मी वाचला. ऐकून ती सुपातलं धान्य पुन्हा पाखडायला लागली.

"नाय करायची सही."

"का?"

"आमची नायत असं मी कशी लिवून देऊ? माझ्या शेतात उतरलीत. माझी भाकरी खाल्लीय. सावडीत घेतलं त्यांना."

"कागदावर नाय म्हन, बाकी काय ते घरात ठेव."

"माझ्याच्यानं नाय व्हायचं."

मी समजावलं, पुन्हा समजावलं, मग माझा तोल गेला. जे इतकी वर्षं मनात होतं ते बाहेर आलं.

"तुला आज मोठं आमची म्हनायला येतंय! माझी आय तुझ्या सासऱ्याच्या शेतात वीस पावसाळे वाकली. तिला कुनी म्हनलं का आमची? एका दिसाची सावड दिली का कुनी? आमचा तुकडा आमी दोघी मायलेकी लावायचो, तुमी बांधावरून बघत जायचात. आज ह्याच्या पायात तुझा जीव अडकला, तर तोच पाय वाचवायला सही करत नाय!"

ओटीवर सून बाळाला घेऊन आली होती, ती पुन्हा आत गेली. काकीने सूप खाली ठेवलं.

"मी तवा नवी सून होते गो," ती म्हणाली. "चुलीतला इस्तू पुढं सारायचा का मागं घ्यायचा तेबी मला इचारून करावं लागायचं. तुझ्या आयसला मी रोज बघायची."

"बघायचीस ना!"

"बघायची. बोलले नाय. खरं हाय तुझं."

तिने माफी मागितली नाही, मीही मागायला लावली नाही. तेवढ्यात वॉचमन बोलला. तो ओटीच्या पायरीवर पाय लांब करून बसला होता.

"आजी, सही करून टाका. आमची म्हणालात ते मला पुरलं. कागदावर नाही म्हणालात तरी मी काही रागावणार नाही. मला ड्रेसिंग हवंय. ह्या बाईंच्या हातून मी मरेन."

"तू गप रे," काकी म्हणाली. मग जरा थांबून तिने त्याला विचारलं, "तुला घर हाय का?"

"नाही."

"कुठंच?"

"कुठंच नाही."

"मग हेच लिवा ना," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "घर नाय त्याला, ते खरं हाय. आमचा हाय, तेबी खरं हाय. दोनी लिवा. त्यात काय खोटं?"

मी बाजारात चाळीस वर्षं उभी आहे. चांगला माल समोर आला की मला दुसऱ्यांदा बघावं लागत नाही. मी तो टाइप केलेला कागद तिथेच फाडला. सुनेची वही मागितली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ही माणसे शहरातून आली आहेत. त्यांना कोठेही घर नाही. लावणीत ती आमच्यासोबत सावडीत होती, म्हणून आम्ही त्यांना आमची म्हणतो. काकीने सही केली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली सही, एकेक अक्षर वेगळं. मग मी सावडीतल्या बाकीच्या घरांत फिरले. दोघांनी आधी नाही म्हटलं. त्यातल्या एकाला मी त्याच्या गोठ्यात सापडलेल्या मोटरीची आठवण करून दिली. सहा सह्या झाल्या.

अधिकाऱ्याने कागद वाचला आणि डोक्याला हात लावला.

"बाई, मी नाही म्हणून लिहून आणा म्हटलं होतं. तुम्ही हो म्हणून आणलंत."

"नीट वाचा. घर नाय असं लिहिलंय."

"पण स्थानिकांशी संबंध आहे असंही लिहिलंय. मग हे बेघर कसे?"

"तुमचा नियम काढा."

"कशाला?"

"काढा ओ. बेघर कोणाला म्हणायचं ते तुमच्या नियमात असंल."

त्याने काढला. मोठ्याने वाचलं. ज्याला राहण्यास घर नाही, जो रस्त्यावर, पुलाखाली, उघड्यावर राहतो, असं काहीबाही.

"ज्याला माणसं नाहीत असं कुठं लिहिलंय?" मी विचारलं.

तो पुन्हा खाली बघून वाचायला लागला. 

"घर नसलं पाहिजे, एवढंच ना? मग त्याच्या बाजूला कोण उभं नसलं पाहिजे हे तुमी मनानं घातलंत. तुमच्या शहरात सहा वर्षं तो इमारत राखत होता, कुंपणाबाहेर झोपत होता, तवा तुमच्यातल्या कोणी आमचा म्हटलं असतं तर आमच्याकडं पाठवायची पाळी आली नसती. आमी म्हटलं तर त्याचं ड्रेसिंग बंद?"

"जागा पण आमच्या हद्दीबाहेर आहे," तो हळू म्हणाला. त्याचा जोर गेला होता.

"आमच्याकडच्या धरणाचं पाणी पिताना हद्द आठवत नाय ती."

आवाज ऐकून आतल्या खोलीतून मोठ्या मॅडम बाहेर आल्या. त्यांनी सहा सह्यांचा कागद वाचला, मग आमच्याकडे बघितलं. "सावड म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "अभिप्रायासह वर पाठवते."

"वर म्हणजे किती दिवस?"

"सांगता येत नाही."

"मग आवकचा शिक्का मारून द्या. आणि मी इथेच बसते."

दुपारपर्यंत बसले. शिक्का मिळाला, चहाही मिळाला. तीन आठवड्यांनी निधी पुन्हा सुरू झाल्याचं पत्र आलं. त्या तीन आठवड्यांत वॉचमनच्या पायाची पट्टी मी रोज बदलली, गावच्या आरोग्य केंद्रातली सिस्टर जाता-येता बघून जायची आणि मला रागवायची, आणि पाय राहिला. सरळ झाला नाही, पण राहिला. टीबीवाल्यांच्या गोळ्या आरोग्य केंद्रातूनच चालू ठेवल्या. आगाऊ भाड्याचे महिने तोवर संपले होते; त्या काळातलं भाडं मी घेतलं नाही. माफही केलेलं नाही; ताईला सांगितलंय, थकलेला निधी येईल तेव्हा ते पहिलं माझं.

पत्रात एक अट होती. लाभार्थ्यांना आवाराबाहेर कामास पाठवले जाणार नाही, असं जागामालकाने लिहून द्यावं. ताई म्हणाली, "सही करा आणि विसरा." माझ्याबद्दलची ती दिसते वाली ओळ फायलीतून काढणार का, असं मी विचारलं तर उत्तर आलं की एकदा नोंद झालेली ओळ काढता येत नाही, सोबत तुमचं म्हणणं जोडता येईल. ठीक आहे. मी म्हणणं जोडलं. अटीच्या कागदावर, छापील मजकुराखाली, मी माझ्या हाताने लिहिलं: मी कोणाला पाठवत नाही आणि पाठवले नव्हते. ज्याला बोलावणे येईल तो आपल्या मर्जीने जाईल, नर्सला विचारून जाईल, आणि ज्याच्या घरी गेला ते घर दिवस फेडेल. ज्याला हे मान्य नाही त्याने लावणीच्या वेळी येऊन माझ्याशी बोलावे. त्याखाली सही केली, ठसठशीत, पूर्ण नावाने.

ताईने ते वाचून डोळे मिटले. "हे असंच पाठवू?"

"असंच. आणि पोच घे."

तो कागद परत आलेला नाही. नर्स परत आली, आणि आल्याआल्या तिने वॉचमनची पट्टी उघडली आणि मलाच विचारलं, हे कोणी बांधलंय. आता कापणी सुरू आहे. सकाळी काकी वखारीच्या मागच्या दारात येऊन हाक मारते आणि ज्यांना जमतं ते निघतात. मार्चमध्ये निधीची मुदत संपते, तेव्हा पुन्हा तपासणी होईल. या वेळी मी बाजारात जाणार नाही. बांधावर खुर्ची टाकून बसेन, आणि कुणी फाईल घेऊन आलं तर आधी माझ्याशी बोलावं लागेल.